अठरा नंबरचं पातेलं

आत्याच्या पातेल्यावर तिचं नाव होतं, ते मी काढलं. हातानं नाही. हातानं काही करण्यातला मी माणूसच नाही, आमच्या घरी भिंतीत खिळासुद्धा बायको ठोकते. मी ते एका यादीतून काढलं, म्हणजे यादीत घातलंच नाही. आणि यादीत नाही म्हटल्यावर पितळेवरूनही गेलं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझ्या हुशारीबद्दल थोडं सांगावं लागेल. थोडीच आहे, वेळ लागणार नाही.

नसरापूरपासून जवळ, हायवेला लागून एक कंपनी आहे, तिथं मी कागदपत्रं सांभाळतो. वीस-बावीस वर्षं माझ्या हाताखाली एक पंचिंग मशीन आणि चार लोखंडी कपाटं, एवढंच होतं. मग कंपनीनं सगळ्यांनी मिळून वापरायचं सॉफ्टवेअर आणलं. पुण्याहून एक मॅडम आल्या, तीन दिवस ट्रेनिंग झालं. कागद आत टाकायच्या आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. बिल हाही कागद, तक्रार हाही कागद. पण बिलाला रक्कम लागते आणि तक्रारीला तक्रारदार. तर प्रत्येक प्रकाराचे कॉलम आधी बांधून घ्यायचे, त्याला म्हणायचं कन्टेन्ट टाइप. सगळे प्रकार बसवून यादी नीट लागली की तिचा साचा करून ठेवायचा, टेम्प्लेट. पुढच्या वेळी तशीच नवी यादी एका क्लिकवर. कोणता कॉलम सक्तीचा, कशात मनानं लिहायचं, कशात फक्त ठरलेल्या नावांतूनच निवडायचं, हे सगळं बांधणाऱ्याच्या हातात.

बांधणारा म्हणून मला नेमलं. बाकीच्यांना वेळ नव्हता.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं: शेवटी ‘शेरा’ नावाचा कॉलम ठेवू नका. लोक त्यात काहीही लिहितात आणि यादीचा कचरा होतो. हे मला इतकं पटलं की मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

माणसाला उतारवयात एखादी विद्या आली की तो घरच्यांना छळतो. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी केली. ‘जिन्नस’ हा मूळ प्रकार, त्याखाली ‘डाळ’, ‘पीठ’, ‘मसाला’ असे पोटप्रकार. मूळ प्रकारावर जो नियम ठेवाल तो खाली सगळ्यांना आपोआप लागू होतो, म्हणून मी मुळावरच संपण्याची तारीख सक्तीची केली. मिठाच्या पुडीवर तारीख सापडेना. तीन दिवस मीठ यादीत जाईना.

“अहो,” बायको म्हणाली, “तुमच्या यादीत मीठ नाही म्हणून आमटी अळणी करू का?”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो.

“मग नियम खा भाकरीबरोबर.”

तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

आमचं गाव विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, एकतीस घरं आणि मधोमध विहार. विहाराच्या मागं एक खोली आहे, तिला भांड्यांची खोली म्हणतात. लग्न, साखरपुडा, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, जयंती, काहीही असो, चूल त्या खोलीच्या दारात पेटते. परकं माणूस म्हणेल, असतात सगळीकडे अशी भांडी. असतात. पण ती आमच्याकडे नव्हती. गावच्या देवळात मोठमोठी पातेली होती आणि गावातल्या कोणाच्याही लग्नाला मिळायची. आमच्या वस्तीला मिळायची नाहीत. नाही म्हणून कोणी भांडायचं नाही, फक्त त्या दिवशी किल्लीवाला गावाला गेलेला असायचा.

आत्याच्या लग्नात म्हणूनच भांडी नदीपलीकडच्या दुसऱ्या वस्तीतून आणायला माणसं गेली. ती उन्हं उतरताना परतली, तोवर वऱ्हाडातली माणसं उपाशी. भोरच्या तिच्या सासरी हे पुढं कितीतरी वर्षं निघायचं. “तुझ्या बापाकडं भात शिजवायला पातेलं न्हवतं,” असं. आत्या ऐकून घ्यायची. नंतर तिला भोरमध्ये मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आणि तिनं ऐकून घेणं थांबवलं.

काम लागल्यावर काही वर्षांनी तिनं पातेलं घेतलं. पितळी, जाड बुडाचं, दोन्ही अंगांना कड्या असलेलं, शंभर माणसांचा भात एका दमात उतरेल असं. विहारातलं पहिलं मोठं भांडं ते. एसटीच्या टपावर टाकून विंझरपर्यंत आणलं, तिथून पुढं बैलगाडीत. मी तेव्हा पाच वर्षांचा असेन, वडिलांबरोबर गाडी घेऊन आणायला गेलेलो. येताना आत्यानं मला उचलून पातेल्यात बसवलं. मी पातेल्यात बसून वस्तीत आलो, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते. सांगणारा बहुतेक मीच असतो.

पातेल्याच्या काठावर तिनं नाव टाकून घेतलं होतं. ती गोष्टही मीच सांगतो, पण ती तिच्याकडून ऐकलेली. बाजारपेठेतल्या नाव टाकणाऱ्यानं विचारलं, “पुढं काय? कोणाची कोण?” म्हणजे नवऱ्याचं नाव, नाहीतर बापाचं. आत्या म्हणाली, “पुढं काय न्हाई. एवढंच. आन् खाली माहेरास भेट म्हणून टाका.” आणि तिनं एक चिठ्ठी काढून दिली. वसतिगृहातल्या पोरींनी तिला नाव लिहायला शिकवलं होतं, ते तिनं स्वतः लिहून आणलेलं. “ह्ये हाय तसंच टाका.” त्यानं हाय तसंच टाकलं. ठिपक्या-ठिपक्यांनी, वाकडंतिकडं, शेवटचं अक्षर ओळीतून खाली घसरलेलं. पितळेवर तिचं हस्ताक्षर होतं.

पुढं इतरांनीही भांडी दिली. माहेरवाशिणींनीही दिली, पण त्यांनी नावं टाकली बापाची, नाहीतर कालकथित, म्हणजे वारलेल्या, भावाची. स्वतःचं नाव टाकलेलं भांडं एकच.

आता त्या यादीकडे येतो.

समितीची बैठक होती. अध्यक्ष म्हणजे माझे चुलत चुलते, त्यांना सगळी वस्ती अण्णा म्हणते. अण्णा वैतागले होते.

“दोन पराती गेल्या, एक झारा गेला. आन् आलं काय, तर कुणाची तरी फुटकी बादली.”

“वहीत बघा की, कुणी नेल्यात ते,” कोणीतरी म्हणालं.

“वही बी गेली.”

“कुठं?”

“त्येच तर वहीत लिवलं आसल!”

सगळे हसले, आणि मी नेमका तो मोका साधला. “अण्णा, वहीचा जमाना गेला. मी साचा बांधून देतो.”

“कसला साचा? इटांचा?”

मी अर्धा तास समजावून सांगितलं. मूळ प्रकार ‘भांडं’. त्याखाली ‘स्वयंपाकाचं’, ‘वाढपाचं’ आणि ‘सतरंज्या व इतर’. प्रत्येकाला नंबर, धातू, दाता, सध्या कोणाकडे. मोबाईलवर कोणालाही दिसेल. अण्णांना नंबराचं फार आवडलं. दात्याचं मला स्वतःला आवडलं होतं. जुन्या वहीत एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असे. कुठं टोपणनाव, कुठं आडनाव, कुठं नुसतं ‘मास्तर’. मी ठरवलं, दाता मनानं लिहायचाच नाही. वस्तीतल्या घरांची यादी माझ्याकडे तयार होती, विहार झाडायच्या पाळ्यांसाठी केलेली. एकतीस घरं, प्रत्येकाचा एक कर्ता; गेलेल्या कर्त्यांची नावंही मी त्यांच्या त्यांच्या घरापुढं जोडली. त्या यादीतूनच नाव निवडायचं. सक्तीचं. बाहेरचं नाव टाकायला गेलं तर लाल अक्षरात ‘यादीतून निवडा’. आणि ‘शेरा’ नाही.

असा तो निर्दोष साचा घेऊन मी एका रविवारी भांड्यांच्या खोलीच्या दारात लॅपटॉप मांडून बसलो. अण्णांची सून, म्हणजे माझी वहिनी, आतून एकेक भांडं बाहेर काढून काठावरचं नाव वाचायची आणि मी निवडायचो. सतरा भांडी सरळ गेली.

“ह्ये आत्याचं,” वहिनी म्हणाली.

मी आत्याचं नाव टाकलं. लाल अक्षरं आली. परत टाकलं, परत आली.

“भावजी, आत्या न्हाई का त्यात?”

“आत्याचं घर भोरला आहे. ही वस्तीतल्या घरांची यादी आहे.”

“पर पातेलं हितंच हाय की.”

मी स्क्रीनकडे बघितलं. अडलं की मी तिकडेच बघतो, कंपनीतही तसंच करतो. सक्ती काढायला किंवा नवा प्रकार बांधायला दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटं, घड्याळ लावून सांगतो, कारण पुढं मी ते केलं तेव्हा तेवढीच लागली. पण त्या दिवशी अण्णांच्या घरून रश्शाचा वास येत होता, अजून अर्धी खोली बाकी होती, आणि सतरा भांडी बिनबोभाट गेल्यावर अठराव्यानं हट्ट करावा याचा मला राग आला होता.

“तूर्त आमच्या घरावर टाकतो,” मी म्हणालो. आमच्या घराचा कर्ता वडील गेल्यापासून मी. मी माझं नाव निवडलं. लाल अक्षरं गेली.

“आत्याला सांगा म्हंजे झालं,” वहिनी म्हणाली.

“सांगतो.”

सांगितलं नाही. विसरलो म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवाल, बायकोनंही ठेवला. पण पूर्ण खरं सांगायचं तर ‘दाता’ या चौकटीत माझं नाव बरं दिसत होतं. विहाराला मी स्वतः आजवर एक चमचाही दिलेला नाही.

पावसाळा सरला आणि विहाराच्या वर्धापनदिनाआधी अण्णांनी ठरवलं की सगळ्या पितळी भांड्यांना कल्हई करायची, घासून चकचकीत करायची आणि पुसट झालेली नावं पुन्हा टाकून घ्यायची, नंबरासकट. टेम्पो भरून भांडी भोरला गेली. सोबत माझी छापील यादी गेली. खाली माझी सही.

दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. मी कंपनीत मीटिंगमध्ये होतो, दबक्या आवाजात बोललो.

“साहेब, एक पातेलं आहे. त्यावरचं नाव तुमच्या यादीशी जुळत नाही.”

“कितवा नंबर?”

“अठरा. जुनं नाव चांगलं आहे अजून, खोल आहे. ठेवू का घासू?”

समोर साहेब बोलायचे थांबून माझ्याकडे बघत होते.

“यादी बरोबर आहे,” मी म्हणालो. “यादीप्रमाणे करा.”

आमच्या घरचे लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा फोनचा भाग गाळतात. त्यांना वाटतं, मला लागेल. तो गाळला तर गोष्टीत नुसतं सॉफ्टवेअर उरतं आणि मी सुटतो. म्हणून मी तो मुद्दाम लिहितो.

वर्धापनदिनाला आत्या आली. पंचाहत्तरी ओलांडलेली, भोरहून नसरापूर आणि नसरापूरहून विंझर अशा दोन एसट्या बदलून. बरोबर नात होती, पुण्याला कॉलेजात शिकणारी. नातीला आणण्याचं कारण आत्या महिनाभर फोनवर सगळ्यांना सांगत होती: पोरीला पातेलं दाखवायचंय. वंदना झाली, भाषणं झाली, आणि भाषणं सुरू असतानाच आत्या नातीचा हात धरून मागं चुलीकडे गेली. मी आमटीची बादली घेऊन तिथंच उभा होतो.

“ह्ये बघ,” आत्या म्हणाली. “हितं तुझ्या आजीनं सोताच्या हातानं...”

पातेलं चुलीवर चढलं नव्हतं, कडेला उपडं होतं. चकाकत होतं. आत्या वाकली आणि काठावरून बोट फिरवू लागली. तिला वाचायची गरज नसायची, घसरलेलं अक्षर बोटाला लागायचं. अर्धा काठ झाला. ती पलीकडच्या बाजूला गेली. तिकडचाही अर्धा झाला.

“ह्ये न्हवं माझं,” ती वहिनीला म्हणाली. “दुसरं आसल. माझं कुठंय?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. नात वाकून वाचायला लागली. तिनं माझं नाव वाचलं, आडनावासकट, मोठ्यानं. मग म्हणाली, “आणि पुढं अठरा लिहिलंय, आजी.”

आत्या सावकाश उभी राहिली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो.

“आरं,” ती म्हणाली, “तू कवा घेतलंस पातेलं?”

“घेतलं नाही, आत्या. ते सॉफ्टवेअर तुझं नाव घेत नव्हतं.”

“कोण घेत न्हवतं?”

“सॉफ्टवेअर. म्हणजे यादी. त्यात फक्त वस्तीतली घरं...”

“यादी कुणी केली?”

“मी.”

“मंग आसं सांग की.”

एवढंच बोलली. पंगतीला बसली, जेवली, भात दोनदा घेतला. ती उपाशी उठून गेली असती तर मला बरं वाटलं असतं; निदान तिची समजूत काढायला मागं पळता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साचा दुरुस्त केला. ‘भांडं’ या मूळ प्रकारावरची सक्ती काढली. त्याखाली ‘माहेरची भेट’ असा नवा प्रकार बांधला, त्यात देणारीचं नाव मनानं लिहायची मुभा ठेवली. दहा मिनिटं. अठरा नंबर त्या प्रकारात हलवला आणि आत्याचं नाव लिहिलं. लाल अक्षरं आली नाहीत. मग मी पातेलं रिक्षात घालून भोरला दुकानात नेलं. माझं नाव घासून काढलं, त्याला वेळ लागला नाही. आत्याचं नाव टाकायचं तर मशीनची अक्षरं येतील, दुकानदार म्हणाला. “पहिल्यासारखं पाहिजे असेल तर त्यांच्या हातचं लिहून आणा, मी गिरवून देतो.”

मी तिथूनच चालत आत्याच्या घरी गेलो. नातीची वही आणि पेन तिच्यापुढं ठेवलं. गेल्या दोन-तीन वर्षांपासून तिचा हात थरथरतो, हे मला माहीत होतं. पण किती, हे माहीत नव्हतं. पहिलं अक्षर वहीच्या दोन ओळी खाऊन गेलं. दुसऱ्या खेपेला पेन सुटलं. तिसऱ्या खेपेला तिनं वहीच बंद केली.

“न्हाई यायचं आता.”

“जुनं कुठं सापडेल का, आत्या? वसतिगृहात, बँकेत?”

“बँकेत आंगठा दिती. वसतिगृहातल्या वह्या कुणी ठिवल्यात.” मग तिनंच विचारलं, “तुझ्याकडं आसल की.”

होतं. मी कागद फार नीट ठेवतो, तेवढं एकच मला येतं. घरी कपाटात निळ्या फाइलवर ‘शेतजमीन – पूर्ण’ अशी माझ्या हातची चिठ्ठी आहे. तिच्यात हक्कसोड पत्राची झेरॉक्स. वडील गेल्यावर भाताची दोन खाचरं माझ्या नावावर करायची होती, तेव्हा बहीण म्हणून आत्याचा हक्क निघत होता. तो सोडल्याचं लिहून द्यायला तिला मीच वेल्ह्याला कचेरीत घेऊन गेलो होतो. सगळ्यांच्याच आत्या देतात तसं. तिनं अंगठा लावला नाही. “मला येतं लिवता,” असं कारकुनाला सांगून सही केली. शेवटचं अक्षर खाली घसरलेलं.

ती झेरॉक्स मी पुढच्या रविवारी भोरला नेली. आत्यानं चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला.

“व्हय. हीच,” ती म्हणाली. “बरी आली हुती त्या दिशी. तूच म्हणाला हुतास, सावकाश लिव आत्या, घाई न्हाई.”

मला आठवत होतं. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

“मग ही देतो दुकानात,” मी म्हणालो. “हुबेहूब उठेल.”

“नको.”

“का गं?”

“ह्ये नाव मला काय नको म्हणून लिवल्यालं हाय. त्ये पातेल्यावर कशाला?”

तिनं कागदाची माझ्याच घडीप्रमाणे घडी घातली आणि मला परत दिला. मशीनच्या अक्षरांचं विचारलं, त्यालाही नको म्हणाली. “त्ये माझं न्हवं. तुझं निघालं न्हवं? मंग ऱ्हाऊ दे तसंच.” चहा केला. नातीनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण बिस्किटं आणून ठेवली.

मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, ती मी विसरूनच गेलो होतो. अण्णांनी आमची यादी कौतुकानं इकडंतिकडं दाखवली आणि आणखी दोन गावच्या विहारांनी साचा मागितला होता. मी अभिमानानं देऊन टाकला होता, सक्तीच्या कॉलमासकट. इथं एक बारीक गोम आहे. आपल्या यादीतला प्रकार दुरुस्त केला की आपल्याकडे खालपर्यंत दुरुस्ती पोचते. पण साचा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की त्यातून निघालेल्या याद्या त्यांच्या त्यांच्या. तिथवर माझी दुरुस्ती जात नाही. मी दोन्हीकडे फोन केले.

“माहेरवाशिणींनी दिलेल्या भांड्यांचं काय केलंत?” मी विचारलं.

“घेत न्हवतं त्ये,” पलीकडून उत्तर आलं. “भावाचं नाव टाकलं. गेलं की लगीच. लई सोपं केलंय तुमी.”

मी दुरुस्ती सांगितली. “बघतो,” म्हणाले. मी तिकडं जाऊन पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर लिहिलं असतं.

पुढच्या जयंतीला आत्या आली. येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. या खेपेला एकटीच, हातात पिशवी, पिशवीत स्वतःचं विळी-फडकं, वसतिगृहातली सवय. बायकांत जाऊन बसली, कांदे घेतले. एव्हाना भांड्यांच्या खोलीत माझी शिस्त पुरती रुजली होती. पूर्वी नावानं मागायचे: मास्तरची परात, आत्याचं पातेलं. आता खोलीतून नुसते आकडे ऐकू येत होते. “सात नंबर दे गं.” “बावीस कुठाय?” मी हीच शिकवण दिली होती. नंबर बोला म्हणजे चूक होत नाही.

यादी आता बरोबर आहे. अठरापुढं आत्याचं नाव आहे, शुद्ध, एकाच तऱ्हेनं लिहिलेलं. ती यादी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

“चुलीवर आधण ठेवायचंय,” वहिनीनं आतून हाक दिली. “आत्याचं...” आणि ती मधेच थांबली. आत्या दारातच होती.

मग आत्या कांद्याची परात बाजूला सारून उठली, खोलीत गेली आणि पातेल्याच्या एका कडीला हात घातला. काठावर नाव असायचं ती जागा घासून घासून थोडी फिकट दिसत होती.

“आरं, ये की,” ती मला म्हणाली. “धर तिकडनं. अठरा नंबर हाय, एकटीला न्हाई उचलायचं.”

मी दुसरी कडी धरली. रिकामंच होतं, पण जड. तिचा हात थरथरत होता, आणि तिच्या बाजूची कडी चुलीपर्यंत पितळेवर वाजत राहिली.